रस्त्यापासून दूर राहणाऱ्या कुटुंबाने वैद्यकीय तातडीची तयारी कशी करावी

सह्याद्रीच्या कोकणाकडील उतारावर, विशेषतः महाड-पोलादपूरच्या डोंगरात, आजही अशा वाड्या आणि एकटी घरे आहेत जिथपर्यंत वाहन जात नाही, दिवे सौर पॅनेलवर चालतात आणि मोबाइलची रेंज अंगणात न मिळता वरच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) जाऊन शोधावी लागते. काही कुटुंबे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, तर काहींनी अलीकडे शहर सोडून मुद्दाम अशी जागा निवडली आहे. दोघांसमोरचा धोका एकच असतो. मध्यरात्री मुलाला साप चावला किंवा आजोबांच्या छातीत कळ आली, तर पुढच्या दोन-तीन तासांत काय होणार हे बरेचसे आधीच ठरलेले असते आणि ते त्या कुटुंबाने पूर्वी केलेल्या किंवा न केलेल्या तयारीने ठरलेले असते.

या तयारीबद्दल बोलायला लागले की बहुतेकांचे लक्ष औषधांच्या पेटीकडे जाते. पेटी हवीच, परंतु जिवावर बेतणाऱ्या दुखण्यांपैकी फारच थोडी दुखणी पेटीने बरी होतात. घरापासून खऱ्या उपचारापर्यंत किती वेळ लागतो यावर सगळे अवलंबून असते आणि हा वेळ कमी करण्याचा हमखास उपाय म्हणजे लवकर निघणे. शहरातला माणूस ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणू शकतो, कारण पहाटे तीनलाही त्याला रिक्षा मिळते. डोंगरातल्या घराला ती सवड नाही. म्हणून पुढील प्रत्येक पायरी कधी निघायचे, कसे निघायचे आणि कुठे जायचे, या तीन प्रश्नांभोवती आखली आहे.

पहिली पायरी: वेळ स्वतः चालून मोजणे

एका वहीत तीन अंतरे मिनिटांत लिहून काढावीत. पहिले घरापासून वाहन उभे राहू शकेल अशा जागेपर्यंतचे, दुसरे तिथून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंतचे आणि तिसरे तिथून अशा रुग्णालयापर्यंतचे जिथे कृत्रिम श्वासाचे यंत्र, शस्त्रक्रिया आणि रक्ताची सोय आहे. पहिले अंतर एकट्याने उन्हाळ्यात चालून मोजले तर तो आकडा फसवा निघतो. खांद्यावर डोली घेतलेली माणसे थांबत, खांदे बदलत, निसरड्या उतरणीवर पाऊल तपासत चालतात. म्हणून एकदा रात्री, एकदा पावसाळ्यात आणि एकदा प्रत्यक्ष ओझे घेऊन ती वाट चालावी आणि तिन्ही आकड्यांपैकी सर्वांत मोठा आकडाच खरा मानावा.

त्यानंतर उन्हाळ्यातला एखादा दिवस काढून रुग्णालयांना स्वतः भेट द्यावी आणि तिथल्या डॉक्टरांना किंवा सिस्टरना नेमके प्रश्न विचारावेत. सर्पदंशावरील लस आहे का, एवढ्याने भागत नाही. किती कुप्या शिल्लक असतात हे विचारावे, कारण विषबाधेची लक्षणे असलेल्या रुग्णाला सुरुवातीलाच साधारण ८ ते १० कुप्या लागतात आणि एक-दोन कुप्यांच्या साठ्यावर रुग्ण वाचत नाही. रात्री डॉक्टर मुक्कामाला असतात का, सिझेरियन कुठे होते, सीटी स्कॅन कुठे आहे, मुलांचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात, हीही माहिती त्याच वहीत उतरावी. असे विचारायला गेले की कर्मचाऱ्यांशी ओळख होते आणि पुढे रात्री फोन केला तर पलीकडचा आवाज अनोळखी राहत नाही.

पावसाळ्यासाठी दुसरी दिशाही ठरवावी लागते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली, तेव्हा सावित्रीच्या पुराने महाड शहरच पाण्यात होते आणि मदत पोहोचायलाही वाट उरली नव्हती. ज्या शहरातल्या रुग्णालयावर आपण विसंबलेलो असतो तेच पुरात अडकू शकते, आणि वरंध किंवा आंबेनळी घाटाने देशावर चढून जाण्याचा पर्यायही नेमका त्याच दिवसांत दरडींमुळे बंद असू शकतो. म्हणून ज्या घरात गरोदर स्त्री, हृदयविकाराचा किंवा दम्याचा जुना रुग्ण अथवा काही आठवड्यांचे बाळ आहे, त्यांनी अतिवृष्टीचा इशारा मिळताच रुग्णाला घेऊन खाली रस्त्याजवळ नातलगांकडे मुक्कामाला यावे. माझ्या मते या संपूर्ण लेखातली ही सर्वांत उपयोगी सूचना आहे आणि तिला खर्चही फारसा येत नाही.

दुसरी पायरी: निरोप पोहोचवण्याची खात्रीची व्यवस्था

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून सुरू आहे. ती मोफत असून तिच्यात डॉक्टर असतात. गरोदर माता आणि लहान बाळांसाठी १०२, आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १०४ आणि कोणत्याही संकटासाठी ११२ हे क्रमांक आहेत. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीची असेल तर तातडीचा फोन तिच्यावरून जाऊ शकतो, म्हणून रेंजच्या रेघा दिसत नसल्या तरी ११२ लावून पाहावा. फोन लागत नसताना साधा संदेश पुष्कळदा निघून जातो. आरोग्य केंद्रातील सिस्टर, आशाताई, पोलीस पाटील आणि रस्त्याकडेचा एखादा दुकानदार यांना एकाच वेळी जाईल असा संदेश आधीच लिहून ठेवावा, म्हणजे त्या घाईत फक्त पाठवण्याचे बटण दाबावे लागेल.

रेंज मिळते ती नेमकी जागा घरातल्या प्रत्येकाला, दहा वर्षांच्या मुलालाही, अंधारात सापडली पाहिजे. दगडावर चुन्याची खूण करून ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. सलग ढगाळ दिवसांत सौर बॅटरी उतरते, म्हणून एक बटणांचा साधा फोन पूर्ण चार्ज करून, बंद करून, ठरलेल्या जागी ठेवावा आणि दर पंधरा दिवसांनी तपासावा. परदेशांतील लोक अशा जागी उपग्रहावर चालणारे फोन किंवा संदेशयंत्रे वापरण्याचा सल्ला देतात. भारतात परवानगीशिवाय अशी साधने बाळगणे बेकायदा आहे, त्यामुळे तो सल्ला इथे लागू होत नाही. त्याऐवजी समोरच्या वाडीशी खूण ठरवावी. रात्री बॅटरीचे तीन लांब झोत किंवा ठरावीक अंतराने तीन शिट्ट्या म्हणजे ‘माणसे घेऊन या’, एवढा संकेत पुरतो.

फोनवर काय बोलायचे ते कागदावर लिहून भिंतीला लावावे, कारण घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या गावाचे नावही नीट सांगता येत नाही. त्यात जिल्हा, तालुका, महसुली गावाचे नाव, वाडीचे नाव, रुग्णवाहिका कुठे उभी राहील ती जागा आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश असावेत. ही जागा म्हणजे आपले घर नव्हे, हे स्पष्ट सांगावे. ‘आम्ही रुग्णाला घेऊन शाळेजवळच्या साकवापर्यंत येत आहोत’ असे वाक्य ऐकले की चालक रस्ता शोधण्यात वेळ घालवत नाही. त्यासोबत रस्त्याकडेच्या गावातील दोन जीपमालकांशी आधीच बोलून ठेवावे, भाडे ठरवावे आणि रुग्णवाहिका दूर असल्याचे कळताच पहिल्या जीपला निघायला सांगावे. जीपमधून रुग्णवाहिकेच्या दिशेने जाऊन वाटेत रुग्ण तिच्यात हलवणे, हा डोंगरात वेळ वाचवण्याचा उत्तम मार्ग आहे.

तिसरी पायरी: उचलून नेण्याची साधने आणि माणसे

नंदुरबारच्या सातपुड्यात लोक ज्या बांबूच्या झोळीला ‘बांबूलन्स’ म्हणतात, ती कोकणातही डोली म्हणून परिचित आहे. माणसांना अशी वेळ यावी हे दुःखाचे आहे, पण जोवर रस्ता नाही तोवर डोली चांगली असली पाहिजे. रुग्णाच्या उंचीपेक्षा बराच लांब, कीड न लागलेला जाड बांबू, मजबूत घोंगडी किंवा ताडपत्री, रुंद पट्टे आणि पावसासाठी वरून टाकायचे प्लास्टिक हे सर्व एकत्र बांधून कोरड्या जागी ठेवावे. मानेला, पाठीला किंवा कमरेला मार लागला असेल तर झोळीत शरीर वाकते. अशा रुग्णासाठी दोन बांबूंना ताणून बांधलेले कापड, दाराची फळी किंवा हलकी बाज वापरावी.

रुग्णाला कसे ठेवायचे हेही आधी माहीत असावे. बेशुद्ध किंवा उलट्या होणाऱ्या रुग्णाला डाव्या कुशीवर, गरोदर स्त्रीलाही डाव्या कुशीवर आणि धाप लागलेल्या रुग्णाला बसत्या अवस्थेत न्यावे. छातीत दुखणाऱ्या माणसाला ‘हळूहळू चाल’ म्हणून कधीही चालवू नये, तो स्वतः चालायला तयार असला तरीही. उचलणाऱ्यांच्या किमान दोन जोड्या आणि पुढे बॅटरी घेऊन चालणारा एक जण लागतो, म्हणून ज्या घरात एवढी माणसे नाहीत त्यांनी शेजारच्या वाड्यांतील तरुणांशी परस्पर मदतीचा शब्द घेऊन ठेवावा. वर्षातून एकदा, मृग लागण्यापूर्वी, सर्वांनी मिळून निरोगी माणसाला डोलीत घालून रस्त्यापर्यंत न्यावे. त्यात कुठे खांदा बदलायचा आणि कुठल्या पऱ्याला (ओढ्याला) दोर लागतो ते कळते. वाहते पाणी गुडघ्याच्या वर असेल तर डोली घेऊन पाण्यात उतरू नये.

चौथी पायरी: कधी निघायचे ते आधी ठरवणे

हा भाग सर्वांत जास्त विचार करून लिहावा आणि घरातील वडीलधाऱ्यांची त्याला आधीच संमती घ्यावी. आणीबाणीच्या क्षणी वाद होतो तो बहुधा ‘आत्ताच न्यायला हवे का?’ यावर, आणि त्यात मोलाचा तास जातो.

सर्पदंशात निघण्याची वेळ म्हणजे चावल्याचा क्षण. लक्षणांची वाट पाहायची नसते. मण्यार, जिला कोकणात कांडर म्हणतात, ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाची खूण पुष्कळदा दिसत नाही आणि वेदनाही होत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि मग श्वास थांबतो. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पोटात पहाटे अचानक दुखू लागले आणि पापण्या मिटू लागल्या, तर साप दिसला नसला तरी सर्पदंश समजून निघावे. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने सूज येते, रक्त गोठणे बिघडते आणि घोणशीच्या दंशात मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. अंगठी, बांगड्या, पैंजण लगेच काढावे, चावलेला अवयव काठीचा आधार देऊन सैलसर बांधावा, त्याची हालचाल थांबवावी आणि रुग्णाला उचलून न्यावे. घट्ट दोरी आवळणे, जखम कापणे, तोंडाने विष ओढणे, बर्फ लावणे यांनी फक्त हानी होते. सापाला मारण्यात किंवा शोधण्यात वेळ घालवू नये, कारण नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच लस दिली जाते. आपल्याकडच्या चापडा या सापावर मात्र ती उपयोगी नाही, तरीही रुग्णालयात जाणे आवश्यकच आहे. ही लस घरी ठेवून स्वतः टोचण्याचा विचार करू नये. तिची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते आणि ती आवरण्याची सोय रुग्णालयातच असते. देवऋषीकडे जाण्याची घरात श्रद्धा असेल तर भांडत बसू नये. एकाने देवऋषीकडे जावे आणि बाकीच्यांनी त्याच क्षणी रुग्णाला घेऊन निघावे. भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे दगावतात असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. बाजेवर झोपणे, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचणे आणि रात्री बॅटरीशिवाय बाहेर न पडणे, एवढ्याने यातले कितीतरी मृत्यू टळण्यासारखे आहेत.

लाल विंचवाच्या दंशाबाबत याच महाड परिसराचे जगावर ऋण आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी इथल्या ग्रामीण रुग्णांवर उपचार करताना १९८० च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि पूर्वी ज्या दंशाने मुले पटापट दगावत तो आटोक्यात आणता येऊ लागला. दंशाच्या जागी नुसती तीव्र वेदना असेल तर धोका त्या मानाने कमी असतो. मात्र दरदरून घाम, उलट्या आणि थंडगार हातपाय ही लक्षणे दिसली तर वेदना कमी असली तरी लगेच निघावे, आणि लहान मूल असेल तर लक्षणांसाठी थांबूच नये. प्राझोसिनने रक्तदाब उतरतो, म्हणून ते घरी ठेवायचे का आणि कोणाला किती द्यायचे हे आपल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.

छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ आणि घाम असेल तर ‘पित्त असेल’ म्हणून थांबू नये. ॲस्पिरिनची ॲलर्जी, पोटातील व्रण किंवा रक्तस्राव नसेल तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्यावी आणि रुग्णाला उचलून न्यावे. तोंड वाकडे होणे, एक हात पडणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे असतील तर ॲस्पिरिन देऊ नये, तोंडावाटे काहीही देऊ नये आणि रुग्ण शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लिहून ठेवावी. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. घरून निघताना थेट त्याच रुग्णालयाची दिशा धरावी.

कीटकनाशक अंगावर सांडले किंवा पोटात गेले तर कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावे, धुणाऱ्याने हातमोजे घालावेत, मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये आणि औषधाची बाटली सोबत न्यावी. कुत्रा, माकड किंवा रानातला प्राणी चावला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही. त्याला स्पर्श करणे सुरक्षित असते आणि श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देण्याने तो वाचू शकतो.

बाळंतपणाची तयारी निघण्यात नसून आधीच खाली येण्यात आहे. सदतिसावा आठवडा संपण्यापूर्वी गरोदर स्त्रीने रस्त्याजवळ, शक्यतो रुग्णालयाच्या गावी, राहायला यावे. आदिवासी भागांतील काही आरोग्य केंद्रांत याच हेतूने ‘माहेरघर’ची सोय आहे, आशाताईंकडे चौकशी करावी. रक्तस्राव, पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, तीव्र डोकेदुखीसह डोळ्यांपुढे अंधारी यापैकी काहीही झाले तर त्याच क्षणी निघावे. वाटेत प्रसूती झालीच तर बाळाला कोरडे पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवावे, दोघांना एकत्र झाकावे, नाळ ओढू नये आणि निर्जंतुक साधन नसेल तर कापूही नये.

लहान मुलांत जुलाब आणि न्यूमोनिया हे दोन शत्रू ओळखता आले पाहिजेत. जुलाब सुरू होताच जलसंजीवनी द्यावी. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. सोबत झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्याव्यात. मूल पीत नसेल, सुस्त पडले असेल किंवा सहा-आठ तासांत लघवी झाली नसेल तर निघावे. खोकला-तापात घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६०, दोन ते बारा महिन्यांत ५० आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा त्याहून अधिक श्वास भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर ते मूल घरी ठेवण्यासारखे नाही.

पाचवी पायरी: पेटी, कागद आणि पैसा

पेटी हवाबंद डब्याची असावी. तिच्यात निर्जंतुक गॉज, रुंद बँडेज, हातमोजे, कात्री, तापमापक, रक्तदाबाचे यंत्र, पल्स ऑक्सिमीटर, जलसंजीवनी, झिंक, पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन आणि घरातील जुन्या रुग्णांची महिनाभर पुरतील अशी जास्तीची औषधे ठेवावीत. प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ठेवू नयेत. वापरात असलेले इन्सुलिन सावलीतल्या थंड जागी साधारण चार आठवडे टिकते. न उघडलेल्या साठ्यासाठी फ्रिज नसेल तर ओल्या वाळूतल्या दुहेरी मडक्याचा उपयोग होतो, पण कुपी पाण्यात बुडू देऊ नये. जखमेतून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे, मध्ये न उचलता, दाबून धरावे. भाजले तर वीस मिनिटे गार पाणी ओतावे आणि हळद, शाई, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये.

दुसऱ्या जलरोधक पिशवीत प्रत्येकाचा रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधे, जुने अहवाल, आधार कार्ड आणि शिधापत्रिका यांच्या प्रती असाव्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात, त्यामुळे कोणती रुग्णालये योजनेत आहेत हे वहीतल्या यादीत नोंदवावे. गाडीभाडे आणि पहिल्या दोन दिवसांचा खर्च निघेल एवढी रोख रक्कम त्याच पिशवीत ठेवावी, कारण रेंज नसलेल्या ठिकाणी मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत.

सहावी पायरी: घरी परतण्याची तयारी

रुग्ण बरा झाला की घरची ओढ लागते आणि गुरे-शेती खुणावत असतात, पण डॉक्टरांनी सोडले म्हणजे डोंगर चढायला परवानगी मिळाली असे होत नाही. घराचा रस्ता किती तासांचा आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, कारण त्यांच्या मनात बहुधा रस्त्याकाठचे घर असते. टाके कधी काढायचे, पुढची तपासणी आणि लशींच्या तारखा कोणत्या, कोणते लक्षण दिसले तर परत यायचे, हे सर्व मराठीत लिहून घ्यावे. सर्पदंशाच्या रुग्णाला लक्षणे नसली तरी किमान चोवीस तास रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावे लागते. तिथून घाईने बाहेर पडू नये. घोणस चावलेल्याची लघवी कमी झाली, किंवा बाळंतिणीला ताप आला, तर पुन्हा तेवढीच धावपळ करावी लागते. म्हणून पहिली फेरतपासणी होईपर्यंत रुग्णाने आणि एका सोबत्याने खालच्या गावीच राहावे. तेवढे दिवस दूध काढायला, राखणीला कोण जाणार हेही शेजाऱ्यांशी आधीच ठरवून ठेवावे. ते ठरलेले नसेल तर रुग्ण वेळेआधी वर येतो.